पोरांना घाट द्या

नवी पोरं मोटोक्रॉसकडे, म्हणजे मातीच्या ट्रॅकवरच्या मोटारसायकल शर्यतींकडे, वळत नाहीत, अशी ओरड जुन्या डर्ट रायडरांकडून ऐकू येते. पोरं मऊ झाली, मोबाईलला चिकटली, पडायला भितात, असं त्यांचं निदान. मला ते साफ चुकीचं वाटतं. पिंपरी-चिंचवडची पोरं पडायला भीत असती, तर रात्री अकरानंतर स्पाइन रोडवर पुढचं चाक हवेत धरून कुणी गाडी पळवली नसती. हौस आहे, अंगात रग आहे, गाडी दारात उभी आहे. नाही ती जागा. आणि जागा नाही म्हणून मातीवर उडी मारायला शिकली असती ती पोरं डांबरावर मरतात.

पिंपरी-चिंचवड ते चाकण हा पट्टा मोटारसायकलीवर जगतो. आकुर्डीला बजाज, चाकणला बजाज. २००१ साली पल्सर आली ती इथूनच. २००७ मध्ये बजाजनं ऑस्ट्रियाच्या केटीएममध्ये हिस्सा घेतला, २०१२ च्या जानेवारीत ड्यूक २०० भारतात आली, आणि चाकणला बनलेल्या छोट्या ड्यूक जगभर जाऊ लागल्या. २०२३ पासून ट्रायम्फच्या ४०० सीसीच्या गाड्याही इथंच बनतात. कावासाकीचा कारखानाही चाकणला. २०२५ मध्ये तर कर्जात बुडालेल्या केटीएमचा ताबाच बजाजकडे आला. केटीएम ही काही साधी कंपनी नव्हे. मोटोक्रॉसमधलं तिचं पहिलं जागतिक विजेतेपद १९७४ चं. कैरोली आणि हर्लिंग्ससारखे जगज्जेते पुढं तिच्याच नारिंगी गाड्यांवर धावले. मोटोक्रॉसमधल्या एवढ्या मोठ्या नावाची सूत्रं आज आकुर्डीतून हलतात. 'रेडी टू रेस' हे तिचं घोषवाक्य. चाकणच्या भिंतीआड गाड्या तपासायला टेस्ट ट्रॅकही आहे. गाडीला धावायला जागा मिळाली. ती बनवणाऱ्या पोराला मात्र या अख्ख्या पट्ट्यात खिशाला परवडेल असा, कायमचा, सर्वांसाठी खुला मातीचा ट्रॅक नाही.

कुणी हौशी माणूस आपल्या शेतात माती रचून चार उंचवटे उभे करतो, दोन-तीन वर्षं पोरं येतात, मग शेजारच्या गटात प्लॉटिंग पडतं, जमिनीचा भाव चढतो आणि उंचवटे सपाट होतात. त्या माणसाला मी दोष देणार नाही. एकरी भाव कोटीत गेल्यावर कुणाच्या हौसेसाठी कोण किती दिवस जमीन अडवून ठेवणार?

मग २८ जानेवारी २०२४ ला बालेवाडीच्या क्रीडा संकुलात इंडियन सुपरक्रॉस रेसिंग लीगची पहिली शर्यत झाली. सुपरक्रॉस म्हणजे मोटोक्रॉसच, फक्त स्टेडियमच्या आत रचलेला. २०२५ च्या ऑक्टोबरात दुसरा हंगामही पुण्यातूनच सुरू झाला, या वेळी सलमान खानचं नाव जोडून. मला या लीगचं मनापासून कौतुक आहे. परदेशी रायडर आले, भारतीयांना त्यांच्या शेजारी उभं राहता आलं, पहिल्या हंगामात ज्युनियरांसाठी ८५ सीसीचा वेगळा गट ठेवला गेला. गाडी उंचवट्यावरून सुटते तेव्हा रायडर सीटवर नसतो. फूटरेस्टवर उभा, गुडघ्यांनी गाडी आवळलेली, कोपर बाहेर, आणि अजून हवेत असतानाच नजर पुढच्या उतारावर. चाक उताराला टेकलं तर गाडी अलगद उतरते. दोन हात कमी-जास्त झालं आणि सपाटीवर आदळली, तर मनगटापासून मणक्यापर्यंत हिसका जातो. गॅलरीतल्या पंधरा वर्षांच्या पोराला हे एकदा दिसलं की त्याची झोप उडते. उडायलाच हवी. पण स्टेडियममधली माती ट्रकनं आलेली असते आणि शर्यत संपली की ट्रकनंच जाते. सोमवारी त्या पोरानं जायचं कुठं? हा खेळ बघून येत नाही. दर रविवारी माती लागते, तीही वर्षानुवर्षं.

आता पैशाचं बोलू. २०२४ च्या नोव्हेंबरात केटीएमनं मोटोक्रॉसच्या गाड्या भारतात विकायला आणल्या. अगदी लहान मुलांची ५० एसएक्स ४ लाख ७५ हजारांना, ६५ एसएक्स ५ लाख ४७ हजारांना, ८५ एसएक्स ६ लाख ६९ हजारांना. मोठ्यांची ४५० एसएक्स-एफ १० लाख २५ हजारांना. सगळ्या पूर्ण तयार होऊन बाहेरून येणाऱ्या. म्हणजे चाकणची गाडी युरोपात जाते आणि चाकणच्या पोराला शिकायला लागणारी गाडी सीमाशुल्क भरून उलट्या दिशेनं येते. २०२५ च्या अर्थसंकल्पात १६०० सीसीपर्यंतच्या अशा गाड्यांवरचं शुल्क ५० वरून ४० टक्क्यांवर आलं, पण दहा वर्षांच्या लेकराची ५० सीसीची गाडी आणि धनिकाची हजार सीसीची गाडी अजून एकाच दरात बसतात. हा अन्याय आहे. लहान मुलांच्या स्पर्धेच्या गाड्यांचा दर वेगळा काढायला दिल्लीत कुणाचंही पोट दुखायचं कारण नाही.

गाडी घेतली तरी ती रस्त्यावर चालवता येत नाही. तिला ना दिवा, ना आरसा, ना नंबरप्लेट. ट्रॅकपर्यंत न्यायला छोटा हत्ती टेम्पो भाड्यानं करायचा. वर हेल्मेट, मानेचं आणि छातीचं कवच, गुडघ्याचे गार्ड, घोट्याच्या वर जाणारे जाड बूट. यातलं एकही वगळायचं नाही. स्वस्त वाटही आहे, हे खरं. हीरोची एक्सपल्स २०१९ मध्ये आली, कावासाकीनं केएलएक्स २३० दोन लाखांच्या आत आणली. रस्त्यावर चालणाऱ्या या गाड्या सुरुवातीच्या सरावाला पुरेशा आहेत. १९२४ मध्ये इंग्लंडातल्या कॅम्बर्लीच्या माळावर पहिल्यांदा अशी शर्यत झाली तेव्हाही क्लबची मंडळी साध्या रस्त्यावरच्या गाड्या घेऊनच उतरली होती. गाडीचं गणित जमवता येईल. हाड मोडल्यावरचं गणित जमत नाही.

चाकण एमआयडीसीत ठेकेदाराकडं लागलेलं पोरगं डोळ्यांसमोर आणा. हातात महिन्याला पंधरा-वीस हजार. त्यातून खोलीचं भाडं, खानावळ, गावाकडं पाठवायचे पैसे आणि गाडीचा हप्ता. एक आठवडा फर्स्ट शिफ्ट, एक आठवडा नाईट. रविवारीही ओटीला बोलावलं तर जावं लागतं, कारण नाही म्हणणाऱ्याला पुढचा महिना मिळेल याची खात्री नाही. मोटोक्रॉसमध्ये पडल्यावर पहिल्यांदा जातं ते बहुधा खांद्याजवळचं हासळीचं हाड. सहा-आठ आठवडे हात गळ्यात. ईएसआयचं कार्ड असेल तर आजारपणात मजुरीच्या ७० टक्के मिळतात, वर्षात जास्तीत जास्त ९१ दिवस. पण तोवर गेटवर दुसरा उभा असतो. घरी फोन केला की वडील विचारतात, "हात मोडून बसलास तर हप्ता कोण भरणार?" या प्रश्नावर पोराकडं उत्तर नाही, आणि ते त्याच्याकडं असावं अशी अपेक्षाच चुकीची आहे. उत्तर खेळ चालवणाऱ्यांनी द्यायचं असतं.

कारण विमाही पाठीशी नाही. आरोग्य पॉलिसीतल्या वगळलेल्या गोष्टींची यादी विमा नियामकानं ठरवून दिलेली आहे. धोक्याच्या खेळात व्यावसायिक म्हणून उतरून झालेल्या दुखापतीचा खर्च त्यात वगळलाय, आणि मोटार रेसिंगचं तिथं नाव घालून उल्लेख आहे. हौस म्हणून खेळणारा आणि व्यावसायिक यांच्यातली रेघ कुठं पडते, हे दवाखान्याच्या काउंटरवर उभ्या असलेल्या आईनं कसं ठरवायचं?

आता बैलगाडा शर्यतींकडं या. याच खेड तालुक्यात, याच मातीत, निमगावच्या खंडोबाचा घाट आहे. चढाची सरळ धाव, समोर घोडी, मागं बैल, कर्ण्यावरचा आवाज टिपेला, आणि सेकंदांत निकाल. टोकन घ्यायचं, बारी लागायची वाट बघायची, फळीफोड कुणी केली आणि घाटाचा राजा कोण झाला यावर आठवडाभर गावात बोलायचं. ७ मे २०१४ ला सर्वोच्च न्यायालयानं शर्यती बंद केल्या. मग काय झालं? गावं गप्प बसली नाहीत. मोर्चे निघाले, विधिमंडळात कायदा झाला, तो अडकला, लोक पुन्हा कोर्टात गेले. १६ डिसेंबर २०२१ ला परवानगी मिळाली आणि १८ मे २०२३ ला घटनापीठानं कायदाच वैध ठरवला. या दोन तारखांच्या मधे, २०२२ च्या मे महिन्यात, आपल्याच पिंपरी-चिंचवडच्या चिखलीत एवढी मोठी शर्यत भरली की बक्षिसात जेसीबी होता, बोलेरो होती, ट्रॅक्टर होते आणि दुचाक्यांची रांग होती.

बैलांना यात काय सोसावं लागतं, तो वाद मोठा आहे आणि त्यावर माझं मत वेगळं लिहीन. इथं मुद्दा दुसरा. वेग, धूळ, धोका आणि ईर्ष्या यांचं या मुलखाला वावडं नाही. सात वर्षं कोर्टात टिकून राहण्याइतकी चिकाटी आहे, वर्गणी आहे, मानाची बक्षिसं आहेत. बैलगाड्याला घाट असतो, तो गावाचा असतो, त्याच्यामागं यात्रा असते आणि पंच असतात. त्यामुळं गाडामालकाचं पोरगं आपोआप त्या घाटावर वाढतं. मोटोक्रॉसच्या पोराला असं गाव मिळालेलं नाही. तो एकटा आहे.

गावाच्या जागी कंपनी उभी राहिली तर काय होतं ते होसूरनं दाखवलंय. तिथल्या टीव्हीएसनं १९८२ मध्ये रेसिंगची टीम उभी केली आणि आजवर चालवली. राष्ट्रीय सुपरक्रॉस जिंकून पुढं आलेला केरळचा हरिथ नोआ तिच्या पाठबळावर २०२४ च्या डकार रॅलीत रॅली २ गटात पहिला आला. असं करणारा तो पहिला भारतीय. आपल्याकडं साताऱ्याच्या ऋग्वेद बारगुजेसारखे रायडर निघाले ते घरच्यांच्या जिवावर आणि स्वतःच्या हट्टावर. लाखांनी गाड्या बनवणाऱ्या आपल्या पट्ट्यातून होसूरच्या तोडीची, वर्षानुवर्षं चालणारी मातीची टीम उभी राहू नये, याचं मला दुःख आहे आणि रागही आहे.

जागेचा विषय निघाला की लगेच कुणीतरी टेकडीकडं बोट दाखवतं. ते नको. टेकड्या आणि गवताळ माळ ओसाड दिसतात, पण तिथं ससे, खोकड, चंडोल नांदतात, आणि चाकानं एकदा गवताची मुळं उपटली की पहिल्या पावसात माती वाहून जाते. वनखात्याच्या जमिनीत गाडी घालणाऱ्याची बाजू मी घेणार नाही. पण मोशीकडच्या दगडखाणी बघा. डोंगर आधीच खाऊन झालाय, चारी बाजूंनी कातळाची भिंत आहे, आवाज बराचसा आतच अडतो. आवाजाचा मुद्दा हलका नाही. बेल्जियमसारख्या या खेळाच्या माहेरघरात शेजाऱ्यांच्या तक्रारी आणि परवान्यांचा कचाटा यांनी ट्रॅक बंद पडत गेले. म्हणून सोसायट्या वाढायच्या आधी जागा ठरवून घ्यायला हवी. खाण नको असेल तर एमआयडीसीच्या आराखड्यांत मोकळ्या जागा सोडलेल्या असतात. सरावाचा छोटा ट्रॅक पाचेक एकरांत बसतो. हॉकीसाठी नेहरूनगरला स्टेडियम बांधणाऱ्या, भोसरीत कुस्तीवर खर्च करणाऱ्या महापालिकेला हे जड नाही.

पालकांची भीती खरी आहे, तिला उत्तर द्यावं लागेल. १९ मे २०२४ ला कल्याणीनगरला अल्पवयीन मुलाच्या गाडीखाली दोन जीव गेले, तेव्हापासून अल्पवयीन मुलाच्या हातात चावी म्हटलं की आईबापांच्या पोटात गोळा येतो, आणि यायलाच हवा. २०१९ च्या दुरुस्तीनंतर मोटार वाहन कायद्यात पालकाला तीन वर्षांपर्यंत कैद आणि २५ हजारांचा दंड आहे. पण तो कायदा सार्वजनिक रस्त्यासाठी आहे. बंद आवारात, लहान इंजिनावर, प्रशिक्षकाच्या नजरेखाली आठव्या वर्षी गाडी शिकलेल्या मुलाला ब्रेक कधी दाबायचा, माती कुठं सरकते आणि पडायचं कसं, हे अठराव्या वर्षापर्यंत अंगवळणी पडलेलं असतं. रस्त्यावरही त्याचा उपयोगच होतो.

पैसा कुठून आणायचा? कंपनी कायद्याच्या सातव्या अनुसूचीनुसार ग्रामीण खेळांच्या आणि राष्ट्रीय मान्यता असलेल्या खेळांच्या प्रशिक्षणावर सीएसआर खर्च करता येतो. गाड्या, टायर, तेल, सुटे भाग, यातलं काय या पट्ट्यात बनत नाही? चार कंपन्यांनी मिळून एका खाणीचा खर्च उचलावा, आणि पहिलं नाव आकुर्डीचं असावं.

पहिल्या वर्षी शर्यत घेऊच नका. चषक नको, सिनेमाचा नट नको, फ्लेक्स नको. दर रविवारी सकाळी सात ते अकरा. कंपनीच्या दहा गाड्या, भाड्यानं मिळणारं पूर्ण कवच, पोरांच्या नावानं काढलेला गट विमा, फाटकाशी उभी रुग्णवाहिका आणि हाड बसवणारा डॉक्टर. शिफ्ट करणाऱ्यांसाठी एक संध्याकाळ वेगळी. टोकन द्या, बारी लावा. माणसं कमी पडली तर निमगावच्या घाटावरची पोरं येतील. रांग धरायची, गर्दी मागं रेटायची आणि पडलेल्याला पळत जाऊन उचलायचं, या तिन्ही कामांची त्यांना सवय आहे.