तीन मिनिटं किंवा दोन तास

भाऊकाका कुणाकडे गेले की एक तर तीन मिनिटांत निघतात, नाहीतर दोन तास हलत नाहीत. मधलं काही नाही. नवख्याला हा माणूस तऱ्हेवाईक वाटतो. पण तऱ्हा काकांची नाही, खाली उभ्या असलेल्या १९८४ च्या पद्मिनीची आहे. तिच्या पाठीवर काहीही लिहिलेलं असो, आमच्या पेठेत ती फियाटच. ऑक्टोबर २०२३ मध्ये मुंबईतली शेवटची पद्मिनी टॅक्सी निवृत्त झाली, तेव्हा काका सुतक असल्यासारखे दिवसभर गप्प होते.

सकाळी गार असताना चोक ओढला की गाडी अर्ध्या सेल्फला उठते. रस्त्यावर तक्रार नाही. तापलेली असताना बंद केली आणि थोड्या वेळाने पुन्हा उठवायला गेलं, की मात्र ती रुसते. कार्ब्युरेटरवाल्या कुठल्याही जुन्या गाडीला वयपरत्वे हे दुखणं लागू शकतं. त्यावर काकांचं प्रवचन पेठेत सर्वांना पाठ आहे. "इंजिन बंद केलं की लगेच गार व्हायला लागतं असं वाटतं ना तुला? चूक! पंखा थांबला, पाणी फिरायचं थांबलं, पण लोखंड तापलेलंच. ती धग जाते कार्ब्युरेटरला, पंपाला. बॉनेटखाली पहिली दहा-पंधरा मिनिटं ताप उतरत नाही, चढतो."

म्हणून या राहुकाळात सेल्फला हात लावायचा नाही. लग्नाला गेले तर इंजिन चालू ठेवून आहेर द्यायचा आणि निघायचं, नाहीतर शेवटच्या पंगतीपर्यंत बसायचं. दवाखान्यात तीन मिनिटं, त्यामुळे पेशंट खूश. सांत्वनाला मात्र दोन तास, त्यामुळे काका फार हळवे आहेत असा सगळ्या नातलगांत समज आहे.

काकूंनी या शास्त्राचा अभ्यास काकांपेक्षा बारकाईने केलाय. साताऱ्याला नणंदेच्या दारात गाडी लागली की त्या म्हणतात, "अहो, बंद करू नका हं, तापलीय." माहेरी पोचल्यावर म्हणतात, "करा बंद."

एवढं सांभाळूनही गाडी अडलीच, तर काकांच्या अंगात वैद्य संचारतो. बॉनेट उघडलं की आपल्याकडे माणसं आपोआप जमतात. एक म्हणतो कचरा आला, दुसरा म्हणतो बॅटरी बघा, तिसरा नुसताच चाकाला लाथ मारतो. काका कुणाचं ऐकत नाहीत, नाक पुढे करतात. पेट्रोलचा उग्र वास आला तर 'ओव्हर' झालं: अ‍ॅक्सिलरेटर तळापर्यंत दाबून ठेवायचा, सारखा मारायचा नाही, आणि सेल्फ द्यायचा. वास नसेल तर नळीत वाफ धरली, पेट्रोल वर चढेना. मग डिकीतून पाण्याचा कॅन आणि जुना पंचा निघतो. ओला पंचा इंजिनाला चिकटलेल्या पंपावर गुंडाळायचा आणि वीस मिनिटं गाडीचा इतिहास सांगायचा. नंतर सेल्फ मारला की गाडी सुरू! जमलेली माणसं काकांकडे आदराने बघतात. पंच्यावर काकांची श्रद्धा बसली ती अशी.

गेल्या उन्हाळ्यात साताऱ्याला जाताना मीही मागच्या सीटवर होतो. खंबाटकी ओलांडून चहाला थांबलो. गाडीचा धूर थेट मिसळीच्या टेबलांवर जायला लागला, तेव्हा हॉटेलवाल्याने इंजिन बंद करायला लावलं. व्हायचं ते झालं. काका पंचा भिजवत होते, तेवढ्यात शेजारच्या गॅरेजमधला मिसरूड न फुटलेला एक पोरगा आला. त्याने पंपाकडे पाहिलंसुद्धा नाही. प्लगची वायर काढली, इंजिनाच्या लोखंडाजवळ धरली आणि म्हणाला, "काका, सेल्फ मारा."

ठिणगी उडाली, पण पिवळट, आळशी. "करंट मरतोय. पेट्रोल येतंय की! कॉइलला हात लावून बघा." काकांनी लावला आणि झटकन काढला. पोराने पंचा मागून घेतला, पिळला आणि वरचं टोक कोरडं ठेवून फक्त कॉइलला गुंडाळला. पंप तापलेलाच होता. दोन-चार मिनिटांत ठिणगी निळी झाली आणि गाडी सुरू झाली.

"मग इतकी वर्षं पंपावरचा पंचा लागू पडत होता तो?"

"पंचा नाही काका, तुमची वीस मिनिटं लागू पडत होती. तेवढ्यात कॉइल पण गार होते ना."

काकांनी नवी कॉइल बसवून घेतली. पोराने मुद्दाम गाडी चांगली तापवून बंद केली, पाव तास थांबला आणि किल्ली काकूंच्या हातात दिली. काकूंनी सेल्फ मारला. पहिल्या फटक्यात सुरू. काकांच्या चेहऱ्यावर एखादी जुनी पदवी कुणी काढून घेतल्यासारखे भाव होते.

काकू मात्र बराच वेळ काही बोलल्या नाहीत. साताऱ्याचा फाटा दिसायला लागला, तशी त्यांनी खिडकीची काच वर केली.

"हे बघा, कॉइलचं वन्संना काही सांगायचं नाही."