प्रभारी गोलकीपर

१ ऑगस्ट २०२४ रोजी कोलकात्यात मुंबईने आठ गोल खाल्ले आणि एकही केला नाही. मुंबईने काय खाल्लं याच्या बातम्या भामरागडात तशा उशिराच पोचतात. आलापल्लीचं जंगल संपता संपता हेमलकसा येतं आणि त्याच्यापुढे पर्लकोटा आडवी होते. पावसाळ्यात तिच्यावरचा पूल पाण्याच्या वर आहे की खाली, यावर पेपर, भाजी आणि एसटी या तिघांचं भवितव्य ठरतं. ही बातमी मात्र आली, आणि आली ती चहाच्या टपरीवर पुरेल इतकी आली. मुंबईचा एकदाचा कुठेतरी पुरता निकाल लागला, याचं इकडे कुणाला फार वाईट वाटल्याचं दिसलं नाही.

सामना ड्युरँड चषकाचा होता. आशियातली सगळ्यात जुनी फुटबॉल स्पर्धा, १८८८ साली सिमल्यात सुरू झालेली. ज्या मॉर्टिमर ड्युरँडसाहेबाचं नाव तिला आहे, त्यानेच पुढे १८९३ मध्ये अफगाणिस्तान आणि हिंदुस्थान यांच्यामध्ये रेघ ओढली. रेघेवरून अजून भांडण चालू आहे. चषक सुखरूप आहे. आमच्याकडे रेघा मारायला साहेब लागत नाही. छत्तीसगडची हद्द इंद्रावती सांभाळते आणि पूररेषा पर्लकोटा स्वतः बाजारात येऊन दुकानांच्या भिंतींवर आखून जाते.

समोर केरला ब्लास्टर्स. नोआ सदाउईने तीन गोल केले, क्वामे पेप्राने तीन केले आणि उरलेले दोन ईशान पंडिताने अगदी शेवटी, एकामागोमाग एक, मारले. बहुधा कोरम पूर्ण करायला. दोनच दिवसांपूर्वी वायनाडात डोंगर कोसळून शेकडो माणसं गेली होती. केरळचे खेळाडू दंडाला काळ्या फिती बांधून उतरले होते. एका संघाकडे खेळायला कारण होतं, दुसऱ्याकडे वेळापत्रक.

आता यातली गोम अशी, की याच मुंबई सिटीने ४ मे रोजी, म्हणजे तीन महिनेसुद्धा झाले नव्हते, याच कोलकात्यात मोहन बागानला त्यांच्या घरच्या प्रेक्षकांसमोर ३-१ असं हरवून आयएसएलचा करंडक उचलला होता. शहर तेच, क्लब तोच, जर्सीही तीच. मग तीन महिन्यांत पाय कुठे गेले? उत्तर सोपं होतं. पाय बदलले होते. मुंबईने ड्युरँडला राखीव संघ पाठवला होता.

टपरीवर हे समजावून सांगायची जबाबदारी अर्थातच गुरुजींवर आली.

“आठ? आन् मुंबईचे किती?”

“शून्य.”

“मंग मे महिन्यात जिंकले ते कोन?”

“ते मुख्य संघातले. ते आले नाहीत. त्यांच्या जागी दुसरी फळी पाठवली.”

चहावाल्याने गाळणी कपावर झटकली आणि म्हणाला, “अस्सं! प्रभारी होते म्हना ना.”

एवढ्या नेमक्या शब्दांत या सामन्याचं परीक्षण देशातल्या एकाही क्रीडा पत्रकाराने केलं नव्हतं. आणि त्यांनी करावं तरी कसं? त्यांचं आयुष्य मुख्य संघ बघण्यात गेलं. राखीव संघ बघायचा तर माणसाने गडचिरोली जिल्ह्यात जन्म घ्यायला हवा. २६ ऑगस्ट १९८२ रोजी चंद्रपुरातून हा जिल्हा वेगळा काढला, तेव्हापासून इथे जो येतो तो एक तर कुणाच्या तरी जागी येतो, नाही तर कुणावर तरी रागावून पाठवलेला असतो. महाराष्ट्रातल्या कुठल्याही कचेरीत साहेबाने हाताखालच्याला धमकी द्यायची असेल, तर तो मारायची भाषा करत नाही. तो फक्त आमच्या जिल्ह्याचं नाव घेतो. आमचा जिल्हा हा राज्याच्या सेवानियमांतला न छापलेला शिक्षेचा परिच्छेद आहे. ज्याला ती शिक्षा होते तो तरी तीनेक वर्षांनी सुटतो. आम्हाला नेमका कुठला गुन्हा लागला आणि अपील कुठे करायचं, हे कुणी सांगत नाही.

युरोपात खेळाडूंच्या खरेदी-विक्रीची खिडकी उन्हाळ्यात उघडते म्हणतात. आमचीही एप्रिल-मे मध्येच उघडते. २००५ चा बदल्यांचा कायदाच आहे तसा. यादी निघते. यादीत भामरागडच्या पुढे नाव दिसतं. गावात आनंद होतो. मग यादीतल्या नावाचं गुडघ्याचं दुखणं उपटतं. फुटबॉलमध्ये खेळाडू आधी खेळतो आणि मग जखमी होतो. आमच्याकडे संघात निवड झाली की न खेळताच जखमी होतो. त्यानंतरचा खेळ मुख्यतः मैदानाबाहेर चालतो. वैद्यकीय रजा, तिला मुदतवाढ, मग मॅट, म्हणजे प्रशासकीय न्यायाधिकरण, मग स्थगिती, आणि तेही नाही जमलं तर प्रतिनियुक्ती. तोवर खुर्चीचा ‘अतिरिक्त कार्यभार’ शेजारच्या तालुक्यातल्या कुणाकडे तरी. त्याच्याकडे आधीच दोन कार्यभार असतात. म्हणजे एकच गोलकीपर तीन मैदानांवरचे तीन गोल सांभाळतोय, आणि तिन्ही सामने एकाच वेळी चालू आहेत. चेंडू आला की तो म्हणतो, “सोमवारी या.”

बरं, सरकारने काही केलं नाही असंही नाही. २००२ चा शासन निर्णय आहे: आदिवासी आणि नक्षलग्रस्त भागात काम करणाऱ्याला ‘एकस्तर’, म्हणजे एक पायरी वरची वेतनश्रेणी. बाकी जगात खेळाडू चांगला खेळला की भाव वाढतो. इथे नुसतं मैदानाचं नाव ऐकून वाढतो, आणि तरीही कुणी बूट बांधत नाही. शिवाय २०२५ च्या जानेवारीपासून जिल्ह्याचं पालकमंत्रिपद खुद्द मुख्यमंत्र्यांकडे आहे, जोडीला सहपालकमंत्रीही आहेत. तेव्हा संघाच्या यादीत वरची दोन नावं अगदी पहिल्या फळीतली आहेत. ती यादी आम्ही पुन्हा पुन्हा वाचतो. वाचायला फार बरं वाटतं.

राखीव संघ म्हणजे नुसती माणसंच, असं मात्र समजू नये. आमच्याकडे वस्तूसुद्धा राखीव फळीतल्या येतात. जो पंखा जिल्ह्याच्या ठिकाणी घरघरायला लागला तो तालुक्याला, जो संगणक तालुक्यात बंद पडला तो आश्रमशाळेला. जुलै २०२४ चंच घ्या, म्हणजे मुंबईच्या पराभवाच्या अगोदरचेच दिवस. आलापल्ली-भामरागड राष्ट्रीय महामार्गाचं काम चालू होतं आणि काम चालू असल्यामुळे रस्ता बंद होता. नाल्यावरचा वळणरस्ता पुराने नेला. पलीकडे एक बाळंतीण व्हायच्या बेतात आलेली बाई. रुग्णवाहिका येऊ शकत नव्हती. मग रस्त्याच्या कामावरचा जेसीबी आला, बाईला त्याच्या बकेटमध्ये बसवलं आणि माती उचलतात तसं उचलून नाला पार केला. रुग्णवाहिकेच्या जागी जेसीबी: एवढी धाडसी बदली कुठल्या प्रशिक्षकाने केलीय सांगा. आणि तो चालवणारा, जो कुठल्याच यादीत नव्हता, त्याने त्या दिवशी शासनाचा एकमेव गोल केला. त्या बकेटचा फोटो राज्यभर फिरला. महामार्गाच्या कामाचं एवढं मोठं यश त्यानंतर छापून आलेलं माझ्या पाहण्यात नाही.

इथे मला मुंबईच्या त्या पोरांची बाजू घ्यावीशी वाटते. आठ गोल खाणं ही काही मिरवायची गोष्ट नाही. पण ती पोरं आली होती. विमानात बसली, बूट बांधले, मध्यंतराला ३-० झालेलं बघूनही पुन्हा मैदानात उतरली, आणखी पाच खाल्ले आणि शिट्टी वाजेपर्यंत धावत राहिली. त्यांच्यापैकी एकानेही तिसऱ्या गोलनंतर मॅटमध्ये धाव घेतली नाही. कुणी ‘बैठकीला’ गेलं नाही. हरले ते त्यांना पाठवणारे. हॉटेलचं बिल आणि नाचक्की मात्र पोरांच्या नावावर लागली. आणि सामना परक्या मैदानावर होता अशी सबबही चालायची नाही, कारण कोलकाता केरळचंही घर नव्हे.

या हिशेबाने आमच्याकडचा निकाल काय लावायचा? आठ-शून्य म्हणावं तर ती फुशारकी होईल. आठ-शून्य व्हायला दोन्ही संघ मैदानात असावे लागतात. आमच्या बहुतेक सामन्यांत एका बाजूला पूर असतो, हिवताप असतो, कोसळलेला वळणरस्ता असतो; दुसऱ्या बाजूला दारावर चिकटवलेला कागद असतो. पंच तरी काय करणार, पुढे चाल देऊन मोकळा होतो. मग वर्षाअखेरीस अहवालात लिहिलं जातं की एकही गोल झाला नाही. खरंच आहे ते.

आणि तरी काही माणसं इथे राखीव म्हणून आली नाहीत, हेही नोंदवून ठेवायला हवं, नाही तर वाचक म्हणतील की या माणसाला रडायची सवयच आहे. १९७३ मध्ये बाबा आमट्यांनी हेमलकशाला लोक बिरादरी प्रकल्प सुरू केला. मागोमाग प्रकाश आणि मंदाकिनी आमटे हे दोन डॉक्टर तिथे जाऊन राहिले, तेव्हा रस्ता नव्हता, वीज नव्हती आणि एकस्तरही नव्हता. त्यांची बदली व्हावी म्हणून कुणी अर्ज केला नाही, रद्द व्हावी म्हणूनही केला नाही. सरकारी दृष्टीने अशा माणसांची मोठी पंचाईत होते. ती कुठल्या रकान्यात बसवायची?

बाकी इथला खरा खेळ ज्यांच्या जिवावर चालतो, त्यांना यादीत सगळ्यात खाली टाकलेलं आहे. मोबदल्यावर काम करणारी आशाताई, अकरा महिन्यांच्या करारावरची नर्स, पुरात डोंगा घालणारा माणूस. पावसाळ्याआधी आडगावच्या गरोदर बाईला ‘माहेरघरा’त आणून ठेवायचं तर दोन नाले ओलांडून तिच्या सासूला पटवायला जाते ती आशाताईच, त्या योजनेचं सादरीकरण ज्या एसी हॉलमध्ये होतं तिथे तिला बोलावत नाहीत. तिला राखीव म्हणा, कंत्राटी म्हणा, काहीही म्हणा. चेंडू बहुतेक वेळ तिच्याच पायाशी असतो.

आमच्या आश्रमशाळांच्या पोरांची तर आणखी वेगळी तऱ्हा. प्रकल्पाच्या स्पर्धा, मग विभागाच्या, जमलंच तर राज्याच्या. पहिला टप्पा सुटला की प्रत्येक सामना परक्या मैदानावर. एक रात्र बसमध्ये, एक कुणाच्या तरी सभागृहाच्या फरशीवर, आणि सकाळी उठून कबड्डी. नागपूर-पुण्याकडच्या संघांच्या बाकावर बदली खेळाडू रांगेने बसलेले बघून आमच्यातल्या एकाने विचारलं होतं म्हणतात, “ह्ये एवढे कायले आनले? खेळत नाईत तं?”

तर यावर उपाय म्हणून टपरीवर एक ठराव झाला. मुंबईने आपला एक घरचा सामना भामरागडला खेळावा. ठरावाच्या वेळी अडचणींचाही विचार झाला. मैदान सपाट करायचं तर वनविभागाची परवानगी लागेल. गोलचे खांब बांबूचे केले तर बांबूचा वाहतूक परवाना. चेंडू इंद्रावतीत गेला तर तो छत्तीसगडात वाहून जाणार. तेव्हा आंतरराज्य पत्रव्यवहार, आणि निदान दोन जादा चेंडू. चेंडू जंगलात गेला तर पंचनामा, आणि अस्वलाने फाडला तर नुकसानभरपाई कुठल्या शीर्षाखाली, यावर अर्धा तास चर्चा झाली. सामना ऑगस्टातच हवा, असा आग्रह चहावाल्याचा. पाहुण्यांना पर्लकोटा दिसायला हवी, आणि ती चढली की चार दिवस कुणालाच परत जाता येत नाही, तेवढा धंदा.

एकच अट घातली: मुख्य संघ पाठवावा. “आन् नाई पाठवला तं?” असं कुणीतरी विचारलं. गुरुजी म्हणाले, मग आपणही आपला राखीव संघ उतरवू. पण मोजायला बसलो तर आमच्याकडे राखीव संघच निघेना. पोरं मुळात नऊ, त्यातले दोन तेंदूच्या फळीवर जातात ते पावसाळ्यापर्यंत परततील अशा हिशेबाने धरलेले.

अर्ज मी लिहून तयार ठेवला आहे, तीन प्रतींत, वर तिकीट लावून. द्यायला गेलो तर साहेब बैठकीला गडचिरोलीला गेलेले. चार्ज ज्यांच्याकडे आहे ते अजून रुजू व्हायचेत. शिपाई म्हणाला, “ठेवून जा भाऊ, आवकमध्ये घेतो.” शिक्का शोधायला तो आत गेला. शिक्का कपाटात होता आणि कपाटाची किल्ली साहेबांबरोबर बैठकीला गेली होती.