परड्यातली जास्वंद आणि अमेरिकेतली

मालवणच्या किनाऱ्यावर मासळीचा लिलाव लागला की कल्ले उघडून बघितल्याशिवाय मी तोंड उघडत नाही. तीस वर्षांत कुणी माझ्या गळ्यात शिळी सुरमई मारलेली नाही. हे आधीच सांगून ठेवतो, कारण पुढे फुशारकी मारण्यासारखं काही नाही.

रात्रीचे अकरा, बाहेर धो धो पाऊस, आणि मोबाईलवर परदेशातला ऑनलाइन लिलाव. माल : अमेरिकन चित्रकार अँडी वॉरहॉलची ‘फ्लॉवर्स’. छत्तीस इंची चौरस कागद, त्यावर चार फुलं. या चित्राची कुळकथा मला पाठ होती, तिथेच घात झाला. जून १९६४च्या ‘मॉडर्न फोटोग्राफी’ मासिकात पॅट्रिशिया कॉलफिल्ड या बाईंनी काढलेला फुलांचा फोटो आला. वॉरहॉलने तो उचलला, कापला, सपाट केला आणि रेशमी जाळीतून छापत सुटला. १९६६मध्ये बाईंनी दावा लावला. तो कोर्टाबाहेर मिटला. फुलं कोणती, यावर भले भले समीक्षक चुकले. ती होती जास्वंद! आमच्या गडग्याला टेकून वाढते ती, गणपतीच्या दिवसांत शेजारीपाजारी न विचारता खुडून नेतात ती. हे चित्र मालवणात यायलाच हवं, असं माझ्या मनाने घेतलं.

वर्णनात वॉरहॉलच्या नावाआधी ‘आफ्टर’ असा शब्द होता. तो १९८७ला गेला, तेव्हा ही त्याच्या पश्चात निघालेली प्रत असणार, असा अर्थ मी लावला. (शाळेत इंग्रजीत माझा दुसरा नंबर असायचा.) ‘त्याच्या चित्रावरून, दुसऱ्या कुणी’ हा खरा अर्थ मला पार्सलसोबत कळला.

रेंज फक्त गच्चीवर. एका हातात छत्री, दुसऱ्यात मोबाईल. किनाऱ्यावर समोरच्याच्या डोळ्यांत बघितलं की गडी कुठे थांबणार ते कळतं. इथे समोर नुसता आकडा. तो वाढला, मी वाढलो. शेवटी तो शहाणा निघाला आणि मी जिंकलो. मग जिंकल्याची दलाली, वाहतूक, सीमाशुल्क. एवढ्यात जुनी होडी आली असती, जाळ्यासकट.

पार्सल उघडलं तेव्हा बायको म्हणाली, “ह्या काय? परड्यातली जास्वंद मेली काय?”

मी कागद उलटा केला. १९७०च्या अस्सल संचात दहा चित्रं, संच अडीचशे, मागे बॉलपेनने वॉरहॉलची सही आणि रबरी शिक्क्याने क्रमांक. माझ्या कागदामागे शिक्का तेवढा होता : ‘तुमची सही इथे भरा.’ बेल्जियममधून निघालेल्या अशा काही प्रतींवर खुद्द वॉरहॉलने ‘हे माझं नाही’ असं लिहून सही केली होती म्हणे. माझं तेवढंही नशीब नाही.

बाजारातल्या लग्नपत्रिका छापणाऱ्या स्क्रीनवाल्याला दाखवलं. त्याचंही तेच काम : लाकडी चौकट, ताणलेली जाळी, रंगागणिक वेगळी स्क्रीन, वरून रबराची पट्टी ओढायची. त्याने चष्मा कपाळावर सरकवला.

“काका, हेचा रजिस्टर हललाला आसा. अशी पत्रिका दिलंय तर गिऱ्हाईक पैशे देवचा नाय.”

रंगांचा मेळ मुद्दामच हलवतात तसा, हे मी त्याला सांगितलं नाही. माझाच विश्वास उडत चालला होता. मागचा शिक्का मात्र त्याला समजावून सांगावा लागला. त्यावर तो बराच वेळ गप्प.

संध्याकाळी तो घरीच आला. “सही तुमीच मारूची ना? मगे माझ्याकडे जाड कागद उरलो आसा. पन्नासेक काढूया?”

मी काही बोलायच्या आत चुलीकडून आवाज आला, “पाऊस जावंदे आधी. शाई सुकाची नाय.”