आप्पा सायकल घेणार आहेत

शहाद्याचे आप्पा सायकल घेणार आहेत. ही बातमी आता इतकी जुनी झाली आहे, की टपरीवर "काय आप्पा, लिधी का सायकल?" विचारणारा उत्तरासाठी थांबतही नाही.

आप्पांची मागणी साधी. रोज कचेरी, रविवारी प्रकाशाचा तापीकाठ आणि जमलंच तर सातपायरीचा घाट चढून तोरणमाळ. सगळं एकाच सायकलवर. तोरणमाळ हजार मीटरच्या वर आहे. कचेरी घरापासून दोन गल्ल्या आहे. तिथे आप्पा मोटारसायकलने जातात.

सारंगखेड्याच्या यात्रेत घोडा घेणारा आधी दात बघतो, तसे आप्पा दुकानात शिरले की गिअरचे दाते मोजतात. "पुढचं चक्र लहान, मागचं मोठं, तरच घाट चढतो, भाऊ!" मग चष्मा कपाळावर सारून, उकिडवे बसून टायरच्या कडेचा आकडा वाचतात. "२३? रेसवाली. शेतरस्त्याला लागली की बाभळीचा काटा आत!" पुढची जाड टायरची, स्प्रिंगवाली. पोरं हिच्यावरच जीव टाकतात. आप्पा हँडल दाबून बघतात. "दिसायला झकास. पण चढावर थोडा जोर ही स्प्रिंगच खाईल, वर वजन वेगळंच."

शेवटी हायब्रिड येते. टायर ३८, स्प्रिंग नाही, डिस्कब्रेक, मडगार्डसाठी फ्रेमला भोकंसुद्धा. आप्पांच्या चेहऱ्यावर समाधान पसरतं. दुकानदार पावतीपुस्तक काढतो.

"कॅरिअर नाही."

"बसवून देतो."

"स्टँड?"

"तोही देतो, आप्पा."

आप्पा बराच वेळ घंटी वाजवून बघतात. घंटीतही खोट सापडत नाही. "बरं, पितृपक्ष उरकू द्या," म्हणत ते निघतात. पितृपक्षानंतर दिवाळीची सूट येते, मग नवं मॉडेल.

खरी गंमत अशी, की आप्पांचं एकही वाक्य चुकीचं नसतं. त्यांचं ऐकून गावातल्या कितीतरी जणांनी हायब्रिड घेतल्या. ते सकाळी डांबरावरून कामाला जातात आणि रविवारी कच्च्या वाटेने शेतात. वाटेत भेटले की आप्पा त्यांना थांबवून टायरमधली हवा तपासतात, अंगठ्याने दाबून.

तेव्हा सायकल घ्यायची असेल, तर आप्पांना जरूर विचारा. फक्त दुकानात त्यांना सोबत नेऊ नका.