पन्नासास एक

पुण्याहून दापोलीकडे निघताना "काय आणू?" असं विचारलं की माणसं बाकरवडी सांगतात, काजूकतली सांगतात. आमचे अण्णा सिरिंज सांगतात. "दहा मिलीची. सुई नको. मागच्या वेळची तू आणलेलीस तिचे आकडे पेट्रोलने पुसले गेले आणि रबर फुगून दट्ट्या अडकला. दोन आण."

अण्णांना मधुमेह नाही, गोठ्यात गुरं उरलेली नाहीत. सिरिंज लागते ती पडवीत टांगलेल्या चेनसॉसाठी आणि तिच्या शेजारच्या दोन ग्रास कटरांसाठी. तिन्ही यंत्रं टू-स्ट्रोक. त्यांच्या पेट्रोलमध्ये तेल मिसळावं लागतं. ते लिटरला वीस मिलीच पडावं, एकोणीस नाही की एकवीस नाही, यासाठी हा एक्काहत्तर वर्षांचा माणूस रोज सकाळी चष्मा बदलतो.

अशी माणसं गावोगाव असतात. कोकणात ती पडवीत सापडतात, घाटावर फवारणीच्या पंपाशेजारी उकिडवी बसलेली दिसतात. यंत्र चालवण्यापेक्षा यंत्राचं मिश्रण करण्यात त्यांचा जीव रमतो. झाड काय, कोणीही कापेल.

मिश्रणाचा विधी ठरलेला आहे. चहा झाल्यावर, ऊन चढायच्या आत. आधी कॅनमध्ये निम्मं पेट्रोल, मग तेल, मग झाकण लावून हलवणं, मग उरलेलं पेट्रोल आणि पुन्हा हलवणं. यंत्राच्या टाकीत थेट तेल ओतणाऱ्याचं तोंड अण्णा पाहत नाहीत. पाच लिटरला सिरिंज दहा वेळा भरते, आणि त्या दहा वेळांत घरात कोणी बोलायचं नाही. एकदा सातव्याला काकूंनी "अहो, गॅसवाला आलाय" अशी हाक मारली. अण्णांना सहा झाले की सात हे आठवेना. ते पाच लिटर त्यांनी बाजूला ठेवले आणि पुढे दोन महिने त्याने फक्त गंजलेले बोल्ट धुतले.

कॅनवर चिकटपट्टी, पट्टीवर तारीख, तारखेखाली ५०:१ आणि त्याखाली 'पिऊ नये'. हा शेवटचा मजकूर काकूंच्या आग्रहाचा. पूर्वी अण्णा लाल रंगाचं टूटी तेल आणायचे आणि उरलंसुरलं मिश्रण रिकाम्या बाटलीत भरून ठेवायचे. बाटली कोकम सरबताची होती. मे महिन्यात आलेल्या एका पाहुण्याने ती उघडून पेल्यात ओतेपर्यंत मजल गेली. वासाने वाचला बिचारा. तेव्हापासून या घरात निळंच तेल येतं.

या सगळ्याचं मूळ स्कूटरमध्ये आहे. अण्णांनी नोकरीत असताना प्रिया घेतली होती. त्या काळी पंपावर पेट्रोल घालणारा पोरगा "ऑइल किती?" असं विचारायचा आणि हातपंपाने टूटी सोडायचा. पोराने दांडा पुरता ओढला की अर्धाच, हे पाहायला अण्णा गाडीवरून उतरून वाकायचे. मागे रांगेत हॉर्न वाजायचे. मागच्या सीटवर काकू असायच्या. "माझं निम्मं तारुण्य त्या पंपावर गेलं," असं त्या आजही सांगतात.

टू-स्ट्रोक म्हणजे काय हे समजावून सांगायला अण्णांना फार आवडतं. ऐकणारा कोण आहे याने फरक पडत नाही. मी त्यांना ते पोस्टमनला सांगताना पाहिलं आहे. मोटारीच्या इंजिनात खाली तेलाचं भांडं असतं. चेनसॉ आडवी, उभी, उलटी कशीही धरायची, तिथे भांडं टिकणार कसं? म्हणून तेल पेट्रोलातूनच आत जायचं, बेअरिंगला, पिस्टनला लागायचं आणि जळून जायचं. मिनिटाला बारा-तेरा हजार फेरे. "एक सेकंद तेल नसेल तर काय होईल?" एवढं विचारून अण्णा गप्प बसतात. मग खिडकीच्या कट्ट्यावरून एक सीज झालेला पिस्टन आणतात. अंगावर उभे ओरखडे असलेला तो पिस्टन कोणाच्या यंत्रातला, हे ते सांगत नाहीत. काकू सांगतात. अण्णांच्याच.

गावात निवृत्त गणिताचे गुरुजी आहेत. त्यांनी एकदा सहज म्हटलं, "पन्नासास एक म्हणजे दोन टक्के नव्हे, अण्णा. हजार मिलीत वीस घातलेत की एकूण एक हजार वीस होतात. टक्के १.९६." अण्णांचा चेहरा पडला. आयुष्यभर आपण चार शतांश टक्का कमी तेल घातलं की काय! मग पाटी निघाली. प्रमाण पेट्रोलशी धरायचं की एकूणाशी, यावर संध्याकाळी पाचला सुरू झालेला वाद दिवेलागण ओलांडून गेला. शेवटी काकू आतून म्हणाल्या, "आमटीत मीठ कशाशी धरून घालू तेवढं सांगा, म्हणजे जेवायला वाढते."

अण्णांचं खरं दुःख मात्र वेगळंच आहे. वाडीत झाडं तोडायला येणारा एक मशीनवाला पोरगा आहे. तो तेल बाटलीच्या टोपणाने घालतो. टोपण भरलं तर भरलं, सांडलं तर सांडलं. अंदाजपंचे दाहोदरसे. त्याची चेनसॉ आठ वर्षं चालते आहे. ती सीज व्हावी अशी अण्णांची मुळीच इच्छा नाही. पण झाली असती तर त्यांना बरं वाटलं असतं.

एकदा तो पोरगा कुरकुरत आला. "अण्णा, मशीन तापतंय. मी तर तेल वाढवलंय चांगलं."

अण्णा खुर्चीतून उठले. अशा प्रसंगी ते वीस वर्षांनी तरुण दिसतात. "वाढवलंस? म्हणजे पेट्रोल कमी केलंस! कार्बोरेटरच्या भोकातून जायचं तेवढंच जातं ना? त्यात तेलाने जागा अडवली, पेट्रोल घटलं, हवा तेवढीच राहिली. मिश्रण हलकं झालं, म्हणून तापतंय. जास्त तेलाने मशीन थंड राहतं, हे कोणी सांगितलं तुला?" पोराने मान डोलावली, अण्णांनी करून दिलेली बाटली नेली आणि पुढच्या आठवड्यात पुन्हा टोपण काढलं. अण्णांना कळलं. ते काही बोलले नाहीत, फक्त त्याच्या यंत्राचा आवाज वाडीतून आला की कान टवकारून ऐकायचे.

हल्ली पेट्रोलमध्ये वीस टक्के इथेनॉल येतं, त्यामुळे अण्णांना नवं काम मिळालं आहे. शाळेच्या प्रयोगशाळेतून निकाली निघालेला एक मोजपात्र-नळा त्यांच्याकडे आहे. त्यात दहा मिली पाणी, वर नव्वद मिली पेट्रोल, हलवायचं आणि ठेवायचं. इथेनॉल पाण्याकडे ओढलं जातं आणि खालची रेघ दहावरून सत्तावीस-अठ्ठावीसवर चढते. "बघ," असं ते म्हणतात, जणू चोर रंगेहाथ सापडला. इथेनॉल हवेतली ओल पितं, आणि आमच्याकडे पावसाळ्यात हवा म्हणजे निम्मं पाणीच. म्हणून आषाढ-श्रावणात अण्णा पंधरा दिवसांपुरतंच मिश्रण करतात आणि काम झालं की टाकी रिकामी करून यंत्र आपोआप बंद पडेपर्यंत चालवतात. शेजारच्या वैनी म्हणतात, "अण्णांचं मशीन रडून रडून झोपतं."

मी हे सगळं हसण्यावारी नेत असे. मग ३ जून २०२० ला निसर्ग वादळ आलं. आठ दिवस फोन लागला नाही. काकूंकडून नंतर कळलं ते असं: रस्ते माड-पोफळींखाली गाडले गेले, वीज महिनाभर नव्हती, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी अण्णांच्या पडवीत माणसं कॅन घेऊन उभी होती. ज्याच्याकडे जे यंत्र असेल ते बाहेर निघालं होतं. कोणाचं जुनं, कोणाचं स्वस्तातलं, कोणाचं पुण्याहून मागवलेलं. अण्णा प्रत्येकाला विचारत, "डबीवर काय लिहिलंय?" पंचवीसास एक असेल त्याला लिटरला चाळीस मिली, चाळिसास एक असेल त्याला पंचवीस. लिहिलेलं पुसलं गेलं असेल त्याच्याशी वेगळी चर्चा. रात्री कंदील दूर ठेवून, विजेरी काकूंच्या हातात देऊन, सिरिंज चालूच. तो टोपणवाला पोरगाही आला. त्याने यावेळी टोपण खिशातच ठेवलं.

फोन लागला तेव्हा अण्णांचा आवाज बसलेला होता. "दोनशे दहा पोफळी होत्या. एकतीस राहिल्या," ते म्हणाले. मला काय बोलावं कळेना. पलीकडेही थोडा वेळ काही नव्हतं. मग ते म्हणाले, "टूटीचे चार डबे पाठवशील का रे? इथलं संपलंय."

गेल्या दिवाळीत त्यांच्या मुलाने बॅटरीवरची चेनसॉ आणली. बटण दाबलं की चालू. पेट्रोल नाही, कार्बोरेटर नाही, प्लग नाही. अण्णांनी ती हातात घेऊन सगळ्या बाजूंनी पाहिली, हलवून पाहिली, आत काहीच डुचमळत नाही म्हणून जरा ओशाळले. मुलगा उत्साहाने सांगत होता, "अण्णा, आता मिसळायची कटकटच नाही."

"हूं," अण्णा म्हणाले. दोन दिवस ती पडवीत तशीच पडली होती. तिसऱ्या दिवशी सकाळी मी उठलो तेव्हा ते चष्मा बदलून तिच्यापुढे बसले होते. बाजूला एक छोटं झाकण उघडं होतं.

"अरे," त्यांनी मान वर न करता विचारलं, "चेनला तेल लागतंच की हिच्या. एका बॅटरीला किती मिली जातं, ते या पुस्तकात कुठे दिसतंय का बघ. आणि ती सिरिंज दे इकडे."