घड्याळाखाली उभे राहता, तिथे खाली बघा

शुक्रवारी संध्याकाळी लाइपझिगहून बस धरायची, रात्री प्रागला उतरायचं, रविवारी रात्री परत. पूर्व जर्मनीत शिकणाऱ्या आपल्या मुलांचा हा ठरलेला वीकेंड. पाच-सहा जण जमतात, हॉस्टेलात एकाच खोलीतले बंक बेड घेतात, सॅकमध्ये घरून आलेल्या चकल्या आणि शेंगदाण्याची चटणी असते, आणि फोनमध्ये एक यादी. माझ्या भाचीनं तिची यादी मला पाठवली. "मामा, काही राहिलंय का बघ."

यादीत चार्ल्स पूल होता, खगोलीय घड्याळ होतं, लेननची भिंत, किल्ला, त्रदेल्निक आणि बिअर.

राहिलंय गं. विद्यार्थी राहिलेत.

आधी घरच्यांशी दोन शब्द. "शिकायला पाठवलंय की हिंडायला?" हा प्रश्न आता बंद करा. जर्मनीचा विद्यार्थी व्हिसा काढताना ब्लॉक्ड अकाउंटमध्ये पैसे तुम्हीच भरलेत. महिन्याला ९९२ युरो हातात येतात, हे तुम्हाला पाठ आहे. त्यात खोलीचं भाडं, आरोग्य विमा, किराणा. प्रागचे पैसे पोरं शनिवार-रविवार कुठल्या तरी गोदामात खोकी उचलून किंवा कुणाच्या हॉटेलात भांडी घासून जमवतात. त्यांनी जावं. जरूर जावं. माझी तक्रार जाण्याबद्दल नाही, यादीबद्दल आहे.

आणि ती यादी मुलांनी केलेली नाही, ती त्यांना विकलेली आहे. त्रदेल्निकचंच घ्या. गरम, साखर घोळवलेलं पोकळ नळकांडं, आत आइस्क्रीम. दुकानावर पाटी असते 'जुनी चेक परंपरा'. या पदार्थासाठी नावाजलेलं गाव आहे स्कालित्सा, आणि ते स्लोव्हाकियात आहे. प्रागच्या गल्लोगल्ली तो पसरला तो अलीकडे, पर्यटकांसाठी. या बारमधून त्या बारमध्ये नेणाऱ्या रात्रीच्या टोळ्यांना तर प्रागकर इतके कंटाळले, की रात्री दहा ते सकाळी सहा अशा आयोजित फेऱ्यांवर महापालिकेनं २०२४ मध्ये बंदी घातली. ज्या शहरानं विद्यार्थ्यांना इतकं दिलं आणि विद्यार्थ्यांकडून इतकं घेतलं, तिथे विद्यार्थ्यानं जाऊन नळकांडं खाऊन परत यावं, याचा मला राग येतो.

प्रागचं चार्ल्स विद्यापीठ १३४८ चं. १४०९ मध्ये राजानं कुटना होराच्या फर्मानानं विद्यापीठातली मतं चेक लोकांच्या बाजूला झुकवली, तेव्हा जर्मन प्राध्यापक आणि विद्यार्थी रागारागानं निघून गेले. त्यातले बरेच जण लाइपझिगला पोचले, आणि त्याच वर्षी तिथे विद्यापीठ उभं राहिलं. म्हणजे माझी भाची ज्या विद्यापीठाचं ओळखपत्र दाखवून कँटीनमध्ये स्वस्तात जेवते, त्याचं आजोळ प्राग आहे. आजोळी जाऊन फक्त बाजार फिरून यायचं?

आता ते घड्याळ. जुन्या टाउन हॉलच्या भिंतीवरचं हे यंत्र १४१० चं, कादानच्या मिकुलाशनं केलेलं. दर तासाला खिडक्या उघडतात, बारा प्रेषित फिरून जातात, सांगाडा घंटा वाजवतो, कोंबडा आरवतो. मिनिटभरात सगळं संपतं. तेवढ्यासाठी शेकडो माणसं माना वर करून, फोन उंच धरून उभी असतात. त्यांच्यापासून चार पावलांवर, त्याच टाउन हॉलच्या भिंतीलगत, फरसबंदीत पांढऱ्या दगडांचे क्रॉस बसवलेत. एकूण २७. बऱ्याच जणांचे पाय त्यावरच असतात.

२१ जून १६२१ रोजी या चौकात हाब्सबुर्ग सम्राटाविरुद्धच्या बंडातल्या २७ जणांना मारलं, त्यांची ही खूण. त्यात सरदार होते, व्यापारी होते आणि चार्ल्स विद्यापीठाचा प्रमुख होता, यान येसेनियस. पेशानं वैद्य. १६०० मध्ये याच शहरात त्यानं जाहीर शवविच्छेदन करून दाखवलं होतं. बंडवाल्यांचा दूत म्हणून तो बोलत फिरला, म्हणून शिरच्छेदाआधी त्याची जीभ कापली. त्या चौकाच्या मधोमध जो भव्य पुतळा आहे, ज्याच्या पायऱ्यांवर बसून मुलं सँडविच खातात, तो यान हुसचा. तोही याच विद्यापीठाचा प्रमुख होता. १४१५ मध्ये त्याला धर्मद्रोही ठरवून जिवंत जाळलं. एका चौकात एकाच विद्यापीठाचे दोन प्रमुख, दोघंही मतासाठी मारलेले. हे सांगायला गाइड लागत नाही, तिकीट लागत नाही. फक्त मान खाली करावी लागते.

यान पालाख हे नाव भाचीच्या ग्रुपमध्ये कुणालाच माहीत नव्हतं. त्यात मुलांचा दोष नाही, त्यांना कोणी सांगितलंच नाही. ऑगस्ट १९६८ मध्ये सोव्हिएत रणगाडे चेकोस्लोव्हाकियात शिरले. काही महिन्यांत लोक गप्प झाले, सवयीला लागले. १६ जानेवारी १९६९ ला चार्ल्स विद्यापीठात इतिहास शिकणाऱ्या वीस वर्षांच्या पालाखनं वेन्सेस्लास चौकाच्या वरच्या टोकाला, राष्ट्रीय संग्रहालयासमोर, स्वतःला पेटवून घेतलं. तीन दिवसांनी तो गेला. त्याच्या चिठ्ठीतल्या मागण्या दोन होत्या: सेन्सॉरशिप उठवा आणि आक्रमकांचं प्रचारपत्रक बंद करा. वृत्तपत्रात लिहिणारा माणूस म्हणून ही पहिली मागणी मला वाचवत नाही. कुणीही कुठल्याही कारणासाठी असा जीव देऊ नये, हे माझं ठाम मत आहे. पण वीस वर्षांच्या मुलाला सेन्सॉरशिप इतकी असह्य वाटते आणि आपल्याला ती वाटत नाही, यावर विचार करायला तरी संग्रहालयासमोर पाच मिनिटं उभं राहावं.

तिथे पुतळा नाही. फरसबंदीच दोन ठिकाणी किंचित फुगून वर आली आहे, आणि त्या दोन उंचवट्यांना जोडणारा ब्राँझचा क्रॉस आडवा पडलाय, वितळत असल्यासारखा. दुसरा उंचवटा यान झायीत्ससाठी. त्यानं महिनाभरानं तेच केलं. वय अठरा. ट्रॉली बॅगा ओढत माणसं बाजूनं जात असतात आणि क्रॉसपाशी बहुतेक वेळा एखादी मेणबत्ती असते.

आता १७ नोव्हेंबर. १९३९ च्या ऑक्टोबरमध्ये नाझींविरुद्धच्या निदर्शनात यान ओप्लेताल या वैद्यकीच्या विद्यार्थ्याला गोळी लागली, पुढे तो गेला. त्याच्या अंत्ययात्रेला विद्यार्थी लोटले. मग १७ नोव्हेंबरला नाझींनी नऊ जणांना ठार केलं, बाराशेहून अधिक विद्यार्थी साक्सनहाउसनच्या छळछावणीत पाठवले आणि सगळी चेक विद्यापीठं बंद केली. १९४१ मध्ये लंडनमध्ये हाच दिवस आंतरराष्ट्रीय विद्यार्थी दिन ठरला. आपल्या कॉलेजांत साडी डे होतो, ट्रॅडिशनल डे होतो, रोझ डेला तर गेटवर गर्दी असते. १७ नोव्हेंबर किती कॉलेजांत होतो? प्राचार्यांनी उत्तर द्यावं.

पन्नास वर्षांनी, १७ नोव्हेंबर १९८९ ला, त्याच आठवणीसाठी प्रागचे विद्यार्थी आल्बेर्तोवला जमले. परवानगी विशेह्रादपर्यंतची होती. ते तिथे थांबले नाहीत. नदीकाठानं शहराकडे वळले आणि नारोद्नी रस्त्यावर पोलिसांनी वाट अडवली. मुली पुढे होऊन पोलिसांच्या ढालींवर फुलं खोचत होत्या, मुलं हात वर करून ओरडत होती, आमचे हात रिकामे आहेत. मग दोन्ही बाजूंनी कोंडून पोलिसांनी त्यांना झोडपलं. दुसऱ्या दिवसापासून विद्यार्थी संपावर गेले, नाट्यगृहांनी पडदे उघडले नाहीत, आणि २९ डिसेंबरला तुरुंगवास भोगलेला नाटककार वात्स्लाव हावेल देशाचा अध्यक्ष झाला. सहा आठवडे. नारोद्नीवरच्या एका कमानीखाली भिंतीवर छोटं ब्राँझ आहे, त्यात नुसते वर उचललेले हात आणि तारीख. नदीकाठच्या राष्ट्रीय नाट्यगृहापासून चालत गेलात तर काही मिनिटांत सापडेल, पण कमानीत शिरावं लागतं. रस्त्यावरून दिसत नाही.

भाचीला मी यादी परत पाठवली, त्यात हे सगळं घालून. पूल तसाच ठेवलाय, पहाटे जा म्हटलं. बिअरही ठेवलीय, कारण ती तिथे खरोखर चांगली मिळते. त्रदेल्निक खोडला. तीन व्यवहाराच्या गोष्टी वाढवल्या. चेक देशात युरो चालवू नका, कोरुना वापरा, आणि नोटा बदलताना फसवणूक वाटली तर तीन तासांच्या आत व्यवहार रद्द करता येतो, २०१९ पासून तसा कायदाच आहे, पावती जपा. ट्रॅममध्ये चढल्यावर कागदी तिकीट पिवळ्या यंत्रात घालून शिक्का मारून घ्या, नाहीतर तिकीट खिशात असूनही दंड भराल. परतीला पासपोर्ट आणि जर्मन रेसिडेन्स कार्ड हाताशी ठेवा, सरहद्दीवर पोलीस बसमध्ये चढतात आणि फोनमधला फोटो त्यांना चालत नाही.

आणि तारीख बदला म्हटलं. नोव्हेंबरचा मधला आठवडा धरा. १७ तारखेला चेक देशात सरकारी सुट्टी असते, नारोद्नीवर त्या दिवशी माणसांची रांग लागते, आजीपासून नातवापर्यंत, प्रत्येकाच्या हातात मेणबत्ती. त्या रांगेत उभे राहा, तुमचाही तो दिवस आहे. जर्मनीत सुट्टी नसते, एखादं लेक्चर बुडेल. बुडू दे. घरून कोणी विचारलं तर मामानं सांगितलं म्हणा.