पापणी लवली, अप्पा हयात

नोव्हेंबर उजाडला की केंद्र सरकारच्या तमाम पेन्शनरांना एक किरकोळ काम उरकावं लागतं. आपण अजून मेलेलो नाही, हे सिद्ध करायचं. ऐंशी ओलांडलेल्यांना सरकारनं खास सवलत दिली आहे, त्यांना हे काम १ ऑक्टोबरपासूनच सुरू करता येतं. सिद्ध करता करता पुरावाच निघून जाऊ नये, एवढाच त्यामागचा उदात्त हेतू असावा.

आमचे अप्पा झाशीचे. झाशीचा मराठी माणूस म्हटला की पुण्याला फक्त राणी आठवते. तिच्यामागं तिथं कुणी मराठी बोलणारं उरलं असेल हे आपल्या गावीही नसतं. वास्तविक नारोशंकर १७४२ मध्ये तिथं सुभेदार झाले तेव्हापासून मराठी घरं त्या गावात आहेत. पुढं रेल्वे आली. झाशी २००३ पर्यंत मध्य रेल्वेत, म्हणजे मुख्यालय मुंबईला. त्यामुळं भुसावळ-नागपूरकडची मंडळी बदलीवर जायची आणि तिथलीच होऊन राहायची. अप्पा त्यांतलेच. वॅगन दुरुस्तीच्या वर्कशॉपमध्ये लेथवर त्यांची उभी हयात गेली. आता ती हयात चालू आहे की नाही, एवढाच प्रश्न दर वर्षी उरतो.

कागदपत्रांच्या बाबतीत हे गाव फार सोसलेलं आहे. १८५३ च्या नोव्हेंबरातच झाशीचे राजे गंगाधरराव नेवाळकरांनी मृत्यूच्या आदल्या दिवशी रीतसर मुलगा दत्तक घेतला आणि तसं पत्र मेजर एलिस या गोऱ्या अधिकाऱ्याच्या हाती दिलं. मुदतीत, साक्षीदारांसमक्ष, थेट संबंधित अधिकाऱ्याकडे. तरी पुढच्या वर्षी गव्हर्नर जनरल डलहौसीसाहेबांनी दत्तक नामंजूर करून झाशी खालसा केली आणि राणीला सालीना साठ हजारांची पेन्शन देऊ केली. 'कागद सगळे बरोबर आहेत, पण वरून मंजुरी आली नाही' ही परंपरा झाशीत इतकी जुनी आहे.

झाशी आज ज्या उत्तर प्रदेशात आहे, तिथल्याच आजमगढच्या लालबिहारी यांना सरकारी दप्तरानं १९७५ च्या सुमारास मृत घोषित केलं. गृहस्थ हिंडत-फिरत, जेवत-खात होते, पण दप्तर ऐकेना. शेवटी त्यांनी स्वतःच्या नावापुढं 'मृतक' लावलं, आपल्यासारख्यांचा मृतक संघ काढला, निवडणुकीलाही उभे राहिले, तेव्हा कुठं १९९४ मध्ये ते कागदावर जिवंत झाले. तेव्हा उत्तर प्रदेशात नुसता श्वास घेऊन भागत नाही, हे अप्पांना पुरतं ठाऊक आहे.

पूर्वी ते नोव्हेंबरात बँकेत जात. काउंटरवरचा बाबू चष्म्यावरून बघे, 'और दादा, सब ठीक?' म्हणे आणि शिक्का मारी. चेहरा ओळखण्याचं तंत्रज्ञान ते हेच. फक्त त्याला चार्जिंग लागत नसे. मग १० नोव्हेंबर २०१४ ला 'जीवन प्रमाण' आलं आणि आधारवर अंगठा टेकवून हयातीचा दाखला मिळू लागला. अप्पांचा अंगठा मात्र लेथवर झिजून गुळगुळीत झालेला. नोकरीनं रेषा पुसल्या आणि त्याच नोकरीच्या पेन्शनला रेषा हव्यात! २०२१ मध्ये चेहऱ्यावर भागवायची सोय झाली. माणसानं फोनसमोर बसायचं, पापणी लववायची, आणि तो जिवंत.

पोस्टमन घरी येऊनही हे काम करून देतो, सत्तर रुपयांत. अप्पा आनंदानं द्यायला तयार होते. पण पुण्यात आयटीत असलेल्या चिरंजीवांनी ठणकावलं, "अप्पा, फुकट होणाऱ्या कामाला पैसे कशाला? जरा स्वावलंबी व्हा. काळाबरोबर चालायला नको?" हे सांगताना चिरंजीव, दहा रुपयांची कोथिंबीर घेऊन येणाऱ्या पोराची वाट बघत सोफ्यावर पडले होते.

शिकवणी व्हिडिओ कॉलवर सुरू झाली.

"अप्पा, आता फोन तोंडासमोर धरा."

"धरलाय. तू दिसतोयस."

"मी नको, तुम्ही दिसायला हवं. माझा कॉल बंद करा आणि ॲप उघडा."

"बंद केला तर पुढचं सांगणार कोण?"

या प्रश्नाला भारताच्या माहिती तंत्रज्ञान उद्योगाकडे उत्तर नव्हतं. ते शेजारच्या दहावीतल्या पोराकडे निघालं, दुसऱ्या फोनच्या रूपानं. आता एका फोनवर चिरंजीव, एका फोनवर सरकार आणि मध्ये अप्पा.

"ओटीपी आला असेल. सांगा मला."

"नाही."

"अहो, मी पटकन टाइप करतो. सांगा."

"ओटीपी कुणालाही सांगायचा नाही. अमिताभ बच्चन सांगत होता रोज फोनवर."

"मी तुमचा मुलगा आहे!"

"ते लोक असंच म्हणतात."

राणीनं झाशी दिली नाही, अप्पांनी ओटीपी दिला नाही. सांगा, आता यांना शिकता येत नाही असं कसं म्हणायचं? शिकवलेलं ते नको इतकं पक्कं धरून ठेवतात. बदलतं ते शिकवणाऱ्याचं. तिकिटाच्या ॲपवर स्टेशनच्या खान्यात अप्पा 'जेएचएस' लिहायला शिकले, आणि २०२१ च्या अखेरीस स्टेशनला राणीचं नाव दिलं गेलं. कोड आता 'व्हीजीएलजे'. राणीबद्दल आदर असूनही त्या दिवशी अप्पा मेथीच्या पराठ्याला शिवले नाहीत.

सरकारलाही म्हाताऱ्यांची क्षमता नेमकी किती, याचा निकाल लावता आलेला नाही. २०१७ मध्ये ग्रामीण भागासाठी प्रधानमंत्र्यांच्या नावानं डिजिटल साक्षरता अभियान निघालं, त्यात वयाची अट १४ ते ६०. आणि २०२२ पासून दर नोव्हेंबरात पेन्शन खात्याची देशव्यापी मोहीम निघते, की पेन्शनरांनो, मोबाइलवर दाखला काढा. म्हणजे साठीनंतर माणसाला शिकवण्यात अर्थ नाही असं एका खात्याचं मत, आणि साठीनंतर त्याला आलंच पाहिजे असं दुसऱ्याचं. दोन्ही खात्यांच्या मधल्या फटीत अप्पा फोन धरून बसलेले.

ॲपची रीत अशी की आधी ऑपरेटरनं आपला चेहरा दाखवायचा, मग पेन्शनरनं. घरी दुसरं कोण असणार? स्वावलंबन असल्यामुळं अप्पाच ऑपरेटर आणि अप्पाच अर्जदार. ऑपरेटर अप्पा फोनसमोर बसले. जुन्या वाड्यातली खोली, दिवसाढवळ्या अंधारी. पोरानं त्यांना उचलून अंगणात आणलं. आता उजेड झाला, पण पापणी लवेना. लेथवर काम करणाऱ्याला पहिल्या दिवशी शिकवतात, की फिरत्या लोखंडावरून नजर हलली तर बोट जातं. अप्पा फोनकडे तसेच रोखून बघत राहिले. पोरगं ओरडतंय, "दादाजी, पलक झपकाइए!" पुण्याहून चिरंजीव ओरडतायत, "ब्लिंक, अप्पा, ब्लिंक!" अखेर आत अप्पांच्या पत्नीनं, काकूंनी, फोडणी दिली, मिरचीचा खकाणा अंगणात आला आणि अप्पा ऑपरेटर म्हणून मंजूर झाले.

मग ऑपरेटर अप्पांनी अर्जदार अप्पांचा फॉर्म भरायला घेतला. पीपीओ नंबर, खाते नंबर, पेन्शन कुणी मंजूर केली, देतं कोण. खाली दोन प्रश्न. पुनर्विवाह केला आहे का? अप्पांनी स्वयंपाकघराच्या दिशेनं पाहिलं. "लिहा हो म्हणून," आतून आवाज आला, "तिला येत असेल हे सगळं."

दुसरा प्रश्न, पुन्हा नोकरीला लागला आहात का?

इथं अप्पा थांबले. बाबूचं नोंदी करण्याचं काम त्यांनी केलं होतं. ओळख पटवण्याचं काम त्यांनी केलं होतं. फोन त्यांचा, वीज त्यांची, इंटरनेटचे पैसे त्यांचे, चूक झाली तर जबाबदारीही त्यांचीच. सकाळचे दहा ते दुपारचा एक, मध्ये चहाची सुटीसुद्धा नाही. हिला नोकरी म्हणत नसतील तर वर्कशॉपमध्ये आपण काय करत होतो, असं त्यांनी पोराला विचारलं.

"दादाजी, 'नहीं' दबाइए," पोरगं घाबरून म्हणालं, "वरना पेंशन अटक जाएगी."

अप्पांनी 'नाही' दाबलं. तोवर फोडणी पुरती बसली होती, त्यामुळं काकूंना आणखी दोन मिरच्या टाकाव्या लागल्या. पापणी लवली, मेसेज आला. सरकारदरबारी अप्पा आता वर्षभर हयात आहेत, आणि बेकार.